बोटीचा फ्लोअर कुजलाय? वरून प्लाय ठोकू नका, आधी खाली बघा

आमची बोट फायबरची, १८ फुटी, मागे ओबीएम, म्हणजे बाहेर लटकणारं इंजिन, देवबागहून डॉल्फिन दाखवायला आणि कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत फेऱ्या मारायला वापरतो. दोन सीझनपूर्वी ड्रायव्हरच्या सीटपुढे पाय टाकला की फ्लोअर गादीसारखा दबायला लागला. मी काय केलं, तर जो शहाणपणा सगळे करतात तोच, वरून १२ एमएमचा प्लाय टाकला, स्क्रू मारले, वर फायबरची एक मॅट (काचेच्या तंतूंचं कापड) मारली आणि झालं म्हटलं. काका येऊन बघून गेला आणि एवढंच म्हणाला, "वरसून काय बघतंस, खाली काय आसा ता बघ मरे." तेव्हा राग आला होता. पण पुढच्या पावसानंतर तो नवा प्लाय पण कुजला आणि त्याच्या स्क्रूंनी जुन्या फ्लोअरला अजून चाळीस भोकं पडली ती वेगळीच. म्हणून या वेळी सगळं उपटून पहिल्यापासून केलं, ते कसं केलं ते सविस्तर लिहितोय.

फायबरच्या बोटीत फायबर कुजत नाही, कुजतं ते आतलं लाकूड. फ्लोअर म्हणजे प्लाय आणि त्याच्यावर फायबरचा पातळ थर, तो प्लाय बसतो स्ट्रिंगरवर, म्हणजे बोटीच्या लांबीत जाणाऱ्या वाशांवर, ते पण बऱ्याच बोटीत लाकडाचेच असतात आणि वरून फायबरने मढवलेले. मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. आता लोकांना वाटतं समुद्राच्या पाण्याने कुजतं, पण उलट आहे, खाऱ्या पाण्यात बुरशीला तेवढं जमत नाही, लाकडाची वाट लावतं ते पावसाचं गोडं पाणी. सीटच्या पायाचे स्क्रू, कन्सोलचे (स्टिअरिंगच्या खोक्याचे) स्क्रू, रॉड होल्डरचे स्क्रू, जिथे कोणीतरी ड्रिल मारून तसाच स्क्रू पिळलाय तिथून ते आत जातं आणि परत बाहेर यायला वाट नसते. आमच्या बोटीतला फोम काढला तेव्हा पिळून निघालेलं पाणी काकाने बोटाने जिभेला लावलं, गोडं. म्हणजे तळ गळत नव्हता, सगळं वरून गेलेलं. (तुम्ही चाखाच असं नाही म्हणत, त्यात पेट्रोल पण असू शकतं.)

आधी किती कुजलंय ते ठरवा. छोटी हातोडी घेऊन सगळ्या फ्लोअरवर ठोकत जा, चांगल्या जागी टणटण आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. खडूने खुणा करत जा. मग शंका असेल तिथे ४ एमएमचं ड्रिल मारा आणि भुसा बघा, कोरडा पिवळसर आला तर ठीक, काळा ओला लगदा आला तर गेलं. स्ट्रिंगरला पण बाजूने असंच एक एक भोक मारून बघा, नंतर ती भोकं बुजवता येतात. आणि मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं तो ट्रान्सम, तो विसरू नका. इंजिन वर उचलून खालचं टोक धरून वरखाली हलवा आणि कोणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा, फळी वाकताना दिसली किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी आलं तर आधी ट्रान्सम, मग फ्लोअर. कारण फ्लोअर नवा करून परत ट्रान्समसाठी तोच फ्लोअर कापायला लागला तर रडायला येईल.

फ्लोअरचा एकच कोपरा हातभर कुजलाय आणि आजूबाजूला भुसा कोरडा येतोय तर तेवढाच तुकडा बदला, माझं काही म्हणणं नाही. पण तीन-चार ठिकाणी भद्द वाजलं तर पूर्ण काढा.

काम कधी करायचं यावर आमच्याकडे दरवर्षी तीच गंमत. मे अखेरीस फेऱ्या बंद होतात ते ऑगस्ट अखेरपर्यंत, मग सगळ्यांना वाटतं आता बोट वर आहे तर पावसातच रेझिनचं, म्हणजे मॅट ज्यात भिजवून कडक करतात त्या चिकट द्रवाचं, काम उरकू. जून-जुलैमध्ये कोकणात हवेतच एवढं पाणी असतं की रात्री ठेवलेला कोरडा प्लाय सकाळी दमट लागतो आणि त्याच्यावर रेझिन मारलं की ते नीट धरत नाही, पांढुरकं पडतं, वर्ष-दोन वर्षांत सोलून येतं. आम्ही या वेळी पावसात फक्त तोडफोड केली, पत्र्याच्या शेडखाली, आणि फोम काढून तळ सुकत ठेवला, बांधणी केली ती गणपती गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. सप्टेंबरच्या चार फेऱ्या बुडतात, पण दिवाळीच्या गर्दीला बोट पाण्यात असते. मेमध्ये केलं तर सर्वात उत्तम पण मेमध्ये कोण धंदा बंद ठेवणार.

कापायच्या आधी एक गोष्ट, आणि ही बरेच जण चुकतात. फ्लोअर म्हणजे नुसती पाय ठेवायची जागा नाही, बोटीचा आकार धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो काढला की तळ मऊ पडतो आणि बोट जशी टेकली असेल तशी वाकते, मग वाकलेल्या आकारावर नवा फ्लोअर बसवला की बोट कायमची वाकडी, सरळ चालवलं तरी एका बाजूला खेचते. म्हणून दोन टायर आणि एक ओंडका असं करू नका. मधल्या कण्याखाली कमीत कमी तीन-चार ठिकाणी आणि दोन्ही बाजूंच्या कडेला पण तेवढेच टेकू द्या, ट्रान्समच्या खाली तर हवाच, मग पाणसळ लावून आडवी लेव्हल बघा आणि नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, ट्रान्समच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून ठेवा. ती सुतळी काम संपेपर्यंत सोडायची नाही, मध्ये मध्ये बघत राहायचं.

मग सगळं सामान काढा. बॅटरी आधी, पेट्रोलची टाकी आधी, ती शेडच्या बाहेर लांब, कारण पुढे ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार आहेत. वायरींना टेप लावून त्यावर मार्करने लिहा कुठली कुठे, फोटो काढा, आणि फोटो वाटतात त्यापेक्षा दुप्पट काढा. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगवेगळ्या पिशवीत.

कापायला सर्क्युलर सॉ चांगला, खोली प्लायच्या जाडीपेक्षा एक-दोन एमएमच जास्त ठेवायची. खाली स्ट्रिंगर आणि त्याच्या खाली तळ आहे, ब्लेड तिथे गेलं तर काम दुप्पट. कडेने बोटीच्या भिंतीपासून दोन इंच सोडून कापा, ती पट्टी नंतर ग्राइंडरने सावकाश काढता येते, आणि फ्लोअर किती उंचीवर होता त्याची खूण पण तीच. जमेल तितके मोठे तुकडे काढा आणि फेकू नका, नवा प्लाय आखायला तोच साचा. कुठे तुकडेच पडले तर टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा बनवा.

फोम काढणं हे सगळ्यात घाणेरडं काम, फावडं आणि जुनी करवत घेऊन बसायचं. ओला फोम हातात घेतला तर विटेसारखा जड लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि आमच्यातून मोजलेल्या बादल्यांवरून दीडशे किलोच्या पुढे पाणी निघालं असेल, म्हणजे दोन-तीन माणसं फुकट घेऊन फिरत होतो आम्ही आणि वर म्हणत होतो इंजिन पहिल्यासारखं ओढत नाही. बादलीत हे सगळं भरून गेल्यावर तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मग ग्राइंडिंग. ग्राइंडिंगला पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल, कार्ट्रिजवाला मास्क, नुसता रुमाल बांधून चालणार नाही. अंगाला आधी खोबरेल तेल किंवा पावडर चोळा, तरी खाज सुटेलच पण कमी, आणि नंतर आंघोळ थंड पाण्याने.

सुकलं की नाही हे हाताने कळत नाही. रात्री तळाला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर अजून सुकायचंय. आमचं तीनदा असं झालं, टेबल फॅन लावून ठेवले तरी आठवडे गेले. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

स्ट्रिंगर कुजले असतील तर एका वेळी एकच बदला, सगळे एकदम काढू नका, आकार जातो. जुन्याची उंची आणि वरच्या कडेची रेषा मापून ठेवा, नवा मरीन प्लायचे दोन थर चिकटवून करा, सलग लांबीचा मिळाला नाही तर सांधे एकापुढे एक येऊ देऊ नका. आणि लाकडाची धार तळावर सरळ टेकवू नका, तिथे तळाला एकाच रेषेवर मार बसतो आणि काही वर्षांनी बाहेरून चीर दिसायला लागते. पाच-सहा एमएम अंतर ठेवून खाली घट्ट केलेल्या रेझिनचा थर द्यायचा, दोन्ही बाजूंना त्याच मसाल्याने कोपरा गोलसर भरायचा, आपण लांबी भरतो तसं पण अंगठ्याने गोल फिरवून, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. मग मॅटच्या पट्ट्या, पहिली चार इंची, दुसरी सहा, तिसरी आठ, म्हणजे कडा एकाच जागी संपत नाहीत. आडव्या आधारांतून पाणी मागे वाहायला खाली छोट्या पीव्हीसी पाइपचे तुकडे घालून पक्के करा. पूर्वीच्या माणसाने नुसती लाकडाला भोकं पाडली होती, कुजायला सुरुवात तिथूनच.

आता सामान. प्लाय घेताना दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणेल, तेवढ्यावर जाऊ नका, शिक्का बघा. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, त्यातला बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही वेळ सोसणारा) घरच्या किचनला ठीक, आपल्याला आयएस ७१० मरीन पाहिजे, ज्याचा तुकडा ७२ तास उकळूनही थर सुटले नाही पाहिजेत. खात्री करायची असेल तर छोटा तुकडा घरी कुकरमध्ये... नको, आई मारेल, जुन्या डब्यात उकळा. जाडी, स्ट्रिंगरमधलं अंतर फूट-सव्वा फूट असेल तर १२ एमएम पुरतो, त्याहून जास्त असेल किंवा स्कुबाचे सिलिंडर वगैरे आपटणार असतील तर १८. आमचा फ्लोअर साधारण ६ चौरस मीटर, आठ बाय चारची एक शीट जवळपास ३ चौरस मीटरची, हिशोबाने दोन, पण गोलाईत वाया जातं म्हणून तीन आणल्या. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट, खालून एक थर, वरून दोन, म्हणजे १८ चौरस मीटर, आठ किलो, स्ट्रिंगर आणि कडांच्या पट्ट्यांना अजून चार, असे बारा किलो. मॅटच्या अडीच पट रेझिन धरा, तीस किलो, प्लायला पाजायला पाच, एकूण पस्तीस.

रेझिन कुठलं, पॉलिएस्टर की इपॉक्सी? लाकडाला इपॉक्सीच जास्त चांगलं धरतं, यात वाद नाही, पण पैसे पण तेवढेच. मी प्लायच्या कडा आणि सगळी स्क्रूची भोकं इपॉक्सीने केली आणि बाकी काम पॉलिएस्टरने, त्यातल्या त्यात आयसो रेझिन घ्या, साधं जीपी (जनरल पर्पज) पाण्यात तेवढं टिकत नाही. पण क्रम लक्षात ठेवा, पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही, म्हणून जिथे इपॉक्सी मारलं तिथे खरवडून घ्या आणि तो भाग शक्य तेवढा कमी ठेवा. आणि साधी मॅट इपॉक्सीसोबत वापरू नका, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये (रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच कडक राहतो.

आता जे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे ते. दुकानात रेझिनसोबत दोन बाटल्या देतात, एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकांत कधीही ओतायच्या नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी सगळ्या रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मग लागेल तेवढं रेझिन मगात काढून त्यात हार्डनर. दोन्हीला एकच माप, एकच काडी वापरायची नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल नसेल तर बाटली उघडूच नका, आणि तरी उडालाच तर भरपूर पाण्याने धुवत राहा, थेट दवाखाना. हार्डनर किलोला १० ते २० मिली, कोबाल्टचं प्रमाण दुकानदार देईल ते. ऑक्टोबरच्या दुपारी १० मिलीवरच थांबा आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका. मी पहिल्या दिवशी जोशात दोन किलो कालवलं, दहा मिनिटांत मग गरम, मग धूर, मग प्लॅस्टिकचा मग वितळून खाली. नशीब मातीवर ठेवला होता. उरलेलं रेझिन कचऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरट ठेवून थंड होऊ द्या.

प्लाय कापून एकदा कोरडा बसवून बघा, कडेला भिंतीपासून चार-पाच एमएम मोकळं सोडा, सांधे स्ट्रिंगरवरच आले पाहिजेत. मग बाहेर काढून खालची बाजू पॉलिएस्टरने आणि कडा, सगळी भोकं इपॉक्सीने, दोनदा रेझिन पाजा, पॉलिएस्टरचा पहिला हात थोडा स्टायरीन घालून पातळ म्हणजे आत मुरतो, कडा तर पिईल तेवढं पाजा, आणि खालून एक थर मॅट. हे लोक करतच नाहीत, वरून तीन थर मारतील आणि खालची बाजू उघडी, आणि पाणी तर खालीच असतं.

फोम परत भरायचा की नाही यावर भांडणं होतात. प्रवासी बोट असेल तर भराच, एक घनफूट फोम पंचवीसेक किलो तरी तोलून धरतो. पण मधली नाली, जिच्यातून पाणी मागे ते बाहेर सोडायच्या बुचाकडे जातं, ती पूर्ण मोकळी सोडा, जुन्या बोटीत तीच भरलेली असते आणि पाणी अडकतं. दोन भाग मिसळून ओतायचा पीयू फोम कितीतरी पट फुगतो, थोडा थोडा ओता, वरून फ्लोअर बंद करून भोकातून एकदम ओतला तर फ्लोअरच वर उचलतो. मास्क काढू नका. आणि कोणी सांगितलं थर्माकोल भर, स्वस्त आहे, तर पॉलिएस्टर रेझिन लागलं की थर्माकोल डोळ्यासमोर विरघळतो, पेट्रोल लागलं तरी तेच. त्यापेक्षा झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बऱ्या, काही जुने लोक अजून भरतात, पाणी तरी पीत नाहीत.

आणि हो, प्रवासी बोट असेल तर मेरीटाइम बोर्डाचा सर्व्हे असतोच, मग फ्लोअर बंद करायच्या आधीच सर्व्हेअरला विचारून ठेवा, उघडं असताना बघून घेतलं तर नंतर प्रश्न राहत नाहीत.

बसवताना स्ट्रिंगरच्या डोक्यावर घट्ट मसाला पसरा, प्लाय दाबून बसवा, स्क्रू फक्त सुकेपर्यंत धरायला, नंतर काढून भोकं बुजवली तरी चालतं. कडेची मोकळी फट मसाल्याने गोलसर भरून मॅट भिंतीवर तीन-चार इंच चढवा. वर दोन थर, मॅट टाका, ब्रशने रेझिन भिजवा, रोलरने हवा काढा, पांढरे डाग राहिले म्हणजे हवा आहे किंवा रेझिन कमी पडलंय. दोन्ही थर एकाच दिवशी झाले तर उत्तम, पहिला चिकट असतानाच दुसरा. पॉलिएस्टर हवेत वरून चिकटच राहतं, त्यात बिघडलं काही नाही, शेवटच्या जेलकोटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लेपाच्या, हातात वॅक्स सोल्युशन घालतात ते त्यासाठीच, वॅक्स वर येऊन हवा अडवतं आणि पृष्ठभाग कडक होतो. पण वॅक्स घातलेल्या थरावर परत काही मारायचं असेल तर घासूनच मारा. पाय घसरू नये म्हणून जेलकोट ओला असताना बारीक सिलिका वाळू भुरभुरा, समोरच्या किनाऱ्यावरची उचलू नका, तिच्यात मीठ असतं.

सीट आणि कन्सोल परत लावताना जुनीच चूक नको. प्रत्येक स्क्रूसाठी भोक आधी मोठं पाडायचं, त्यात घट्ट इपॉक्सी भरायचं, सुकल्यावर त्या इपॉक्सीत स्क्रूच्या मापाचं भोक, म्हणजे स्क्रूभोवती लाकूड उघडं राहतच नाही. स्क्रू एसएस ३१६ (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस स्टील) चे, डोक्याखाली सीलंट. चोवीस स्क्रूंना आमचा एक पूर्ण दिवस गेला. मागे आणि मध्ये एक एक गोल झाकण बसवा, हात आत जाईल असं, पुढे बघता येतं. बोट वर काढली की बूच काढून ठेवायचं आणि नाळ थोडी उंच.

आठवडाभर तरी सुकू द्या, मग पाण्यात. पहिल्या फेरीनंतर झाकण उघडून आत कोरडं फडकं फिरवा. आमच्यात अर्धा तांब्या पाणी निघालं आणि माझ्या पोटात गोळा आला. काकाने बोट बुडवून जिभेला लावलं, म्हणाला गोडं. मग कळलं, पाहुण्यांच्या आइसबॉक्सचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि बर्फाचं पाणी मधल्या झाकणाच्या कडेने आत गेलेलं. त्या झाकणाला रबरी रिंग नव्हती, दुसऱ्या दिवशी घातली.